आधी पाणी शोधा, मग कापड आणा



माझ्या मामांकडे एमजी गाडी आहे, असं बडोद्यात कुणालाही सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "हालोलची का?" साहजिक आहे. हालोल इथून जवळ, तिथे एमजीचा कारखाना आहे आणि 2019 पासून त्या गाड्या रस्त्यावर सर्रास दिसतात. मामांच्या गाडीवर नाव तेच आहे, पण ती वेगळ्या जमान्यातली. तिला एमजीबी म्हणतात. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनला ती 1962 ते 1980 या काळात बनत होती. दोन दारं, दोन सीट, 1798 सीसीचं इंजिन आणि वर उघडमीट करता येणारा कापडी टप. मामांची गाडी 1966 ची. सत्तरच्या दशकात मायदेशी परतणाऱ्या एका परदेशी इंजिनिअरकडून त्यांनी ती घेतली.

मामा आता 81 वर्षांचे आहेत. डोळ्यांमुळे गाडी चालवणं बंद झालं. गाडी अकरा वर्षं शेडमध्ये कव्हरखाली उभी होती. दोन वर्षांपूर्वी ते म्हणाले, "एकदा बसायचंय रे तिच्यात." इंजिन आणि ब्रेकचं काम एका जाणत्या मिस्त्रींनी अंगावर घेतलं. आतलं काम, म्हणजे सीट, कार्पेट, दारांचे पॅनेल, हे मी घेतलं. मी नोकरीनं हिशेबनीस. पाना हातात धरला तो चाळिशीनंतर. पण मला वाटलं, सीट आणि कार्पेटच तर आहे, त्यात काय एवढं!

त्यात काय काय असतं, ते आज सांगतो. गाडी एमजीबी असो, जुनी हेराल्ड असो की फियाट, क्रम तोच राहतो. आणि माझी सगळी फजिती क्रम चुकल्यामुळेच झाली.

माझी पहिली चूक

मी सुरुवात केली ती चामड्यापासून. ड्रायव्हरच्या सीटचं चामडं फाटलं होतं, फोमचा भुगा झाला होता. सीट काढली, एका दुकानात दिली आणि "नवी करून द्या" म्हणालो. आठ दिवसांत चकचकीत सीट परत आली. जुनं चामडं दुकानदारानं विचारून टाकून दिलं. म्हणजे मीच "टाका" म्हणालो होतो.

सीट बसवली, आत बसलो, तर मांड्या स्टिअरिंगला घासायला लागल्या आणि डोकं टपाच्या दांडीला लागलं. दुकानदारानं प्रेमानं भरपूर जाड फोम भरला होता. मूळ सीट किती उंच होती, किती खोलगट होती, हे आता सांगणार कोण? ते सांगणारं चामडं कचऱ्यात गेलं होतं.

मामा सीटजवळ आले, हात फिरवला आणि विचारलं, "जुनं कुठंय?" मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत, घरात निघून गेले. चाळीस वर्षं ज्या सीटवर बसले तिचा आकार त्यांच्या पाठीचा होता, हे मला त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून एक नियम केला. काम पूर्ण होऊन गाडी रस्त्यावर येईपर्यंत जुनी एकही वस्तू टाकायची नाही. कुजलेलं कार्पेट, फाटलेलं रेक्झिन, वाकडा हार्डबोर्ड, सगळं ठेवायचं. नवशिक्यासाठी जुना तुकडा हाच नकाशा असतो. भोकं कुठे आहेत, कड कुठे दुमडली आहे, शिलाई किती आत आहे, हे सगळं त्याच्यावर लिहिलेलं असतं.

पाणी कुठून येतं?

पहिल्या पावसात दुसरा धडा मिळाला. नव्या सीटखालचं कार्पेट ओलं झालं. जुन्या गाडीच्या आतल्या भागाचा खरा शत्रू वय नाही, पाणी आहे. कार्पेटखाली ज्यूटचा किंवा लोकरी नमदा असेल तर तो स्पंजासारखा पाणी पितो. वरून सगळं कोरडं दिसतं आणि खाली पत्रा गंजत राहतो. आपल्याकडे चार महिने हवाच ओली असते, त्यामुळे तो नमदा सुकतच नाही.

म्हणून कापड आणण्याआधी पाणी शोधा. सीट आणि कार्पेट काढा. उघड्या पत्र्यावर जुनी वर्तमानपत्रं अंथरा. एकानं बाहेरून नळीनं पाणी सोडायचं, एकानं आत टॉर्च घेऊन बसायचं. पाण्याची धार मोठी नको. सुरुवात खालून करा, आधी दाराची खालची कड, मग काचेची कड, मग पुढच्या काचेचं रबर आणि शेवटी टप. प्रत्येक जागी पाच मिनिटं द्या. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि भोक नेमकं कुठलं ते कळत नाही.

एमजीबीत एक खास जागा आहे. पुढच्या काचेसमोर हवा आत घेणारी जाळी असते. त्यातून आत गेलेलं पावसाचं पाणी एका रबरी नळीतून खाली गिअरबॉक्सच्या बोगद्याकडे निघून जातं. ही नळी पानांनी, मातीनं तुंबली की पाणी हीटरमधून थेट पायांपाशी उतरतं. आमच्या नळीतून कडुनिंबाच्या पानांचा ओला लगदा निघाला. अर्ध्या तासाचं काम होतं. त्याआधी मी टपाला दोष देत महिना घालवला होता.

दारांचंही तसंच. काचेच्या फटीतून दारात पाणी जाणारच. ते खाली जाण्यासाठी दाराच्या तळाला बारीक भोकं असतात, ती तारेनं मोकळी करा. दाराचा पॅनेल हार्डबोर्डचा असतो. त्याच्या आणि दाराच्या मध्ये प्लास्टिकचा पडदा हवा, नाहीतर नवा बोर्डही दोन पावसाळ्यांत पापडासारखा वाकतो.

आणखी एक खूण. ड्रायव्हरच्या पायाशीच ओल असेल आणि ती बोटाला बुळबुळीत लागत असेल, तर ते पाणी नव्हे. क्लचच्या मास्टर सिलिंडरमधून गळलेलं तेल पेडलवरून खाली उतरतं आणि रंग सोलून काढतं. कार्पेट बदलून हा प्रश्न सुटत नाही. आधी मिस्त्रींना दाखवा.

काढताना

सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडा. या गाडीत बॅटरी शोधावी लागते. 1966 च्या एमजीबीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटच्या मागे, कार्पेटखालच्या झाकणाखाली असतात. म्हणजे ती जागा आतल्या कामाचाच भाग झाली. ॲसिड सांडून तिथला पत्रा खाल्लेला असतो, तो तपासा. दुसरं म्हणजे या वर्षाच्या गाडीत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं, आजच्या गाड्यांच्या नेमकं उलट. उत्साहात आजचा रेडिओ किंवा मोबाइल चार्जर सरळ जोडलात तर तो जळेल.

मग सीट, मग कार्पेट, मग मधला बोगदा, मग दारांचे पॅनेल. डॅशबोर्डला नवशिक्यानं शक्यतो हात लावू नये. जुन्या वायरींचं रबर कडक झालेलं असतं. एक मीटर ओढून बाहेर काढताना चार वायरी तुटतात. या गाडीचा डॅशबोर्ड लोखंडी असून त्यावर सुरकुत्यांसारखा उठाव असलेला काळा रंग असतो. मऊ ब्रशनं धूळ काढली, ओल्या फडक्यानं पुसलं, तेवढ्यानं तो पुष्कळ उजळतो.

सीटचे बोल्ट गंजलेले असतील तर जोर करू नका. गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर थांबा, पुन्हा टाका, पुन्हा थांबा. नट तळात आतून पक्के बसवलेले असतात. ते सुटून गोल फिरायला लागले तर पत्रा कापायची वेळ येते. सीटच्या पट्ट्यांखाली लाकडाच्या पातळ चिपा निघतील. त्या कुणीतरी नंतर घातल्या असतील असं समजून फेकू नका, त्या कारखान्यातूनच आलेल्या आहेत. सीटची उंची त्यांच्यावर ठरते.

प्रत्येक वस्तू काढण्याआधी एक फोटो, काढल्यावर एक. स्क्रू झिपच्या पिशवीत आणि पिशवीवर चिठ्ठी, "डावं दार, काचेचा दांडा". 'लक्षात राहील' असं वाटतं, पण राहत नाही. माझ्या कामाला चौदा महिने लागले. पहिल्या महिन्यातला स्क्रू तेराव्या महिन्यात कुणाला आठवतो?

डावीकडचं कार्पेट उचललं तेव्हा खाली पंचवीस पैशांचं नाणं, एक गंजलेली पिन आणि केसांचा एक काळा आकडा निघाला. ती मामींची जागा. मामी जाऊन नऊ वर्षं झाली. त्या तिन्ही वस्तू मी एका पिशवीत घातल्या, पण त्यावर काय लिहावं ते सुचेना. नुसतं "डावी सीट" लिहिलं.

तळपत्रा

कार्पेट निघालं की खरी तब्येत दिसते. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं पत्रा दाबून पाहा. खणखणीत आवाज आला तर ठीक, टोक आत गेलं तर पत्रा संपला. लोहचुंबकही फिरवा. जिथे तो चिकटत नाही तिथे कुणीतरी पूर्वी पुट्टी किंवा फायबर भरून वर रंग मारलेला आहे.

नुसता वरवरचा गंज असेल तर तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, गंजरोधक प्रायमर आणि दोन हात रंग, एवढं तुम्ही घरी करू शकता. भोक असेल तर वेल्डरकडे जा. पण एक गोष्ट आधीच बजावून सांगा. उघड्या गाडीला छप्पर नसतं. तिची ताकद दारांखालच्या दोन्ही पेटीसारख्या कडांमध्ये असते. दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी आधार न लावता ती कड कापली तर गाडी मध्ये दबते आणि दारं पुन्हा नीट लागत नाहीत. पेट्रोलची नळी आणि बॅटरीची जाड केबलही तळाखालूनच जातात. त्यामुळे वेल्डिंग सुरू करण्याआधी त्या बाजूला करायच्या आणि आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवायचं.

कापण्यापूर्वीचे आणि नंतरचे फोटो, बिलं, सगळं जपा. केंद्र सरकारनं 2021 मध्ये व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठे फेरबदल नसलेली गाडी त्यात बसते आणि तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. तुमची दुरुस्ती ही दुरुस्तीच होती, बदल नव्हता, हे उद्या दाखवावं लागलं तर हे फोटोच बोलतील.

सीट, यावेळी नीट

डाव्या सीटसाठी मी दुकान बदललं. जुन्या बाजारात एक चाचा आहेत. ते टांग्यांच्या गाद्यांपासून हे काम करत आलेत. त्यांनी सीट पाहिली आणि मी काही सांगण्याआधीच हिंदीत म्हणाले, "यातलं काही फेकायचं नाही ना?" मला बसल्या जागी हायसं वाटलं.

त्यांची पद्धत अशी. कव्हर चौकटीला तारेच्या रिंगांनी अडकवलेलं असतं. रिंगा पक्कडीनं उघडायच्या, कापड ओढायचं नाही. कव्हर निघालं की प्रत्येक तुकड्यावर मागून खडूनं आकडा आणि वरची बाजू दाखवणारा बाण. शिलाई उसवण्याआधी जोडाच्या दोन्ही बाजूंना आडव्या खुणा, म्हणजे नवे तुकडे शिवताना खुणेला खूण जुळते. पायपिंगची जाडी मोजून ठेवायची.

फोमखाली ताणलेलं रबर असतं. ते सैल पडलं की माणूस खड्ड्यात बसल्यासारखा बसतो आणि आपण दोष फोमला देतो. माझ्या पहिल्या दुकानदारानं हेच केलं होतं. रबर सैल, म्हणून वरून फोम वाढवला. चाचांनी ड्रायव्हरची सीट पुन्हा उघडली, रबर बदललं आणि 40 डेन्सिटीचा फोम पातळ थरांत लावत, मला दर थराला बसवून पाहत आकार आणला. बाजारात फोमची डेन्सिटी सांगतात ती एका घनमीटरच्या किलोतल्या वजनावरून. घरच्या उशांना चालतो तो हलका फोम गाडीत लवकर बसतो.

डाव्या सीटचं चामडं फाटलं नव्हतं, फक्त तडकलं आणि सुकलं होतं. ते वाचवायचं ठरवलं. सौम्य साबणाचा फेस, किंचित ओलं फडकं, छोट्या भागात पुसणं आणि सावलीत सुकवणं. दोन ठिकाणी चीर होती. तिथे आतून पातळ कॅनव्हास चिकटवला, वरून चामड्याची लवचीक भरणी आणि जुळणारा रंग. शेवटी चामड्यासाठीचं क्रीम. घरातले लोक खोबरेल तेल लावायला सांगतील. लावू नका. तेल शिलाईत मुरतं, धूळ धरतं आणि पावसाळ्यात त्यावर बुरशी येते.

नवं चामडं घ्यावंच लागलं तर सीटसाठीचं मऊ, साधारण एक ते सव्वा मिलिमीटर जाडीचं मागा. बुटाचं चामडं दणकट वाटतं, पण कोपऱ्यावर वळत नाही. कानपूर आणि तमिळनाडूत राणीपेट, आंबूर ही चामड्याची मोठी केंद्रं आहेत. सुट्या भागांसाठी बेंगळुरूचा जेसी रोड, चेन्नईचं पुदुपेट, कोलकात्याचा मल्लिक बझार, दिल्लीचं करोल बाग इथे फिरलात तर एमजीबीचा भाग कदाचित मिळणार नाही, पण रबरी पट्टी, क्लिप, पायपिंग आणि जाणती माणसं मिळतील. जाताना जुना नमुना खिशात ठेवा. एमजीबी पाच लाखांहून जास्त बनल्या, त्यामुळे इंग्लंडमध्ये तिच्या आतल्या भागांचे तयार संच आजही बनतात. मागवण्याआधी आपल्या गाडीचं वर्ष आणि उजवं स्टिअरिंग पक्कं सांगा.

परत बसवताना

इथे सगळ्यांना घाई होते. आधी सगळ्या वायरी तपासा, दिवे लावून पाहा, कारण कार्पेट लागल्यावर त्या पुन्हा दिसणार नाहीत. मग आवाज अडवणारे डांबरी तुकडे, त्यावर पाणी न पिणारा फोम. ज्यूट नको. नंतर मधल्या बोगद्याचं कार्पेट, मग बाजूंचं, शेवटी तळाचं.

तीन गोष्टी मी चुकून शिकलो, तुम्ही ऐकून शिका.

पहिली, कार्पेटला ड्रिलनं भोक पाडू नका. धागा ड्रिलमध्ये अडकतो आणि आख्खी ओळ उसवत येते. खालून दाभण घालून खूण करा आणि सिंथेटिक कार्पेट असेल तर तापलेल्या सोल्डरिंगच्या टोकानं भोक करा. कडाही वितळून बंद होतात. खिडकी मात्र उघडी ठेवा, धूर चांगला नसतो.

दुसरी, रेक्झिन ताणून बसवण्याआधी तासभर उन्हात ठेवा. ते मऊ पडतं, सुरकुत्या राहत नाहीत. आणि गम उष्णता सहन करणारा घ्या. आपल्याकडे मे महिन्यात बंद गाडी भट्टी होते. साध्या गमानं चिकटवलेलं कापड लोंबायला लागतं.

तिसरी, बोल्ट. या गाडीचे आटे इंची आहेत. जवळपासच्या मापाचा मिलिमीटरचा बोल्ट दोन फेरे आत जातो आणि मग नटाचे आटे खातो. सीट आणि सीटबेल्टचे बोल्ट जिवाशी संबंधित आहेत. बेल्टचा बोल्ट 7/16 इंची, बारीक आट्यांचा असतो, तोच लावा. जुना बेल्ट कितीही चांगला दिसला तरी वापरू नका. उन्हानं त्याचे धागे कमजोर झालेले असतात. मी हे शेवटचं काम मिस्त्रींसमोर केलं आणि त्यांच्याकडून तपासून घेतलं.

आणि काम झाल्यावर गाडी प्लास्टिकच्या ताडपत्रीत गुंडाळून ठेवू नका. आतली ओल आतच राहते. सुती कव्हर घाला आणि पावसाळ्यातही उघडीप मिळाली की काचा खाली करून तासभर वारं लागू द्या.

गेल्या डिसेंबरात गाडी शेडबाहेर आली. ड्रायव्हरची सीट नवी, डावी सीट जुनीच. रंग जुळवूनही दोन्हींत फरक दिसतो. पाहणारे विचारतात, "ही का नाही बदलली?" मामांना हाताला धरून आणलं. मला वाटलं ते सवयीनं उजवीकडे जातील. ते गाडीला वळसा घालून डावीकडे आले, दार उघडलं आणि मामींच्या जागेवर बसले. जुन्या चामड्यावर दोनदा हात फिरवला. मग म्हणाले, "चल रे. पण सावकाश."

आम्ही अकोट्याच्या पुलापर्यंत गेलो आणि परत आलो. कार्पेट अजून कोरडं आहे.